मनोरी ते चौक: धारावी बेटाच्या किनाऱ्यावरून गटाने एक दिवसाची चाल, हवामान बेभरवशाचं असताना

मालाडच्या मार्वे जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी लागतं. तिथून उत्तरेला गोराई, उत्तन-पाली आणि शेवटी वसईच्या खाडीच्या तोंडावरचं चौक. हा सगळा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी त्याचा नावापुरताच संबंध. अंतर सुमारे १४ ते १६ किलोमीटर, किनारा किती ठिकाणी सोडावा लागतो त्यावर अवलंबून. चढ जवळजवळ नाही, आणि म्हणूनच नवखे गट इथे फसतात. सह्याद्रीत चढ बघून माणूस आपोआप जपून चालतो. इथे सपाट वाळू बघून सैल होतो, आणि तासाभरात मागचा रस्ता पाण्याखाली गेलेला असतो.

हा लेख सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांसाठी आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्याच्या मागेपुढे सकाळ स्वच्छ, दुपारी उकाडा आणि तीन-चारच्या सुमारास विजांसह सर असं चालतं. जून ते ऑगस्ट या महिन्यांत खडकाळ किनाऱ्यावरून ही चाल करूच नका. त्यात अनुभवी-नवखे असा फरक नाही.

१. तारीख पंचांगावरून ठरवा, रविवारवरून नाही

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सोयीचा रविवार आधी ठरतो, भरती-ओहोटी आदल्या रात्री बघितली जाते. उलट करा.

कोकणातला जुना हिशोब इथेही चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे ९ च्या आसपास पूर्ण ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला. षष्ठीला भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं.

या चालीसाठी सगळ्यात चांगल्या तिथी पंचमी आणि षष्ठी. त्या दिवशी साडेनऊ ते साडेअकरा या वेळात, म्हणजे खडकाळ टप्प्यावर पोचाल तेव्हा, पाणी खाली असतं.

पौर्णिमा आणि अमावास्या टाळा. उधाणाची भरती बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे तुम्ही चालत असताना समुद्र तुमच्याकडे येत असतो. कोजागरीला लागून सुट्टी आली की बरेच गट नेमके याच दिवशी निघतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही हे खरं, पण फार उतरतही नाही, त्यामुळे खडकांचा खालचा सपाट भाग उघडा पडत नाही.

पाऊणपटीने तारीख निवडा, पण नेमकी वेळ मुंबईच्या (अपोलो बंदरच्या) छापील भरती-ओहोटी तक्त्यातूनच घ्या. हिशोबात अर्ध्या तासाची चूक सहज राहते. तक्त्यातली उंची शांत समुद्राची असते, हेही लक्षात ठेवा. वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि लाटा त्या आकड्यावर चढतात.

आणखी एक गोष्ट गटातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. भरती सारख्या वेगाने येत नाही. ओहोटी आणि भरतीच्या पातळीत ३.६ मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात पाणी साधारण ३० सेंटिमीटर चढतं, दुसऱ्या तासात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी ९०, मग पुन्हा ६० आणि ३०. पहिल्या तासात "अजून काहीच हललेलं नाही" असं वाटतं, आणि नेमका तोच तास लोक डबे उघडून बसण्यात घालवतात. तिसऱ्या तासात कंबरेएवढं पाणी वाढलेलं असतं.

२. नकाशावर आधी बाहेर पडायच्या जागा खुणवा

वाट काढण्याआधी सुटका काढा. सगळा किनारा सलग चालता येत नाही. मध्ये मध्ये वर येऊन रस्ता धरावाच लागतो, आणि काही ठिकाणी खाजगी कुंपणं आडवी येतात. टप्पे असे धरा:

- मनोरी जेट्टी ते मनोरीचा किनारा: गावातून सुमारे २ किमी. बाहेर पडायचं तर मागे बोटीकडे.
- मनोरी ते गोराई किनाऱ्याचं उत्तर टोक: सुमारे ४ किमी, बहुतेक वाळू. बाहेर पडायचं तर गोराई गाव, तिथून रिक्षा किंवा बोरिवलीकडची बोट.
- गोराई ते उत्तन: ४ ते ५ किमी. खडक इथेच जास्त. आतून समांतर जाणारा गोराई-उत्तन रस्ता हाच पर्याय.
- उत्तन ते चौक: ४ ते ५ किमी, वस्तीतून आणि बंदरांजवळून. उत्तन नाक्यावरून भाईंदर स्टेशनला मीरा-भाईंदर पालिकेची बस आणि रिक्षा.

गोराई-उत्तन टप्प्यात किनाऱ्यावरून वर रस्त्याला जाणाऱ्या पायवाटा उपग्रह-नकाशावर शोधा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि शक्य असेल तर दोघांनी आठवडाभर आधी जाऊन त्या वाटा प्रत्यक्ष बघून या. नकाशावरची वाट कुंपणाला जाऊन थांबलेली असू शकते. ते गट सोबत असताना कळू नये.

३. हवामान: कुठे बघायचं आणि कसं वाचायचं

चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघा. इथे एक खाच आहे. मनोरी-गोराई मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात, उत्तन-चौक ठाणे जिल्ह्यात, आणि खाडीपलीकडची वसई पालघरमध्ये. तिन्ही जिल्हे बघा. नुसतं "मुंबई" बघून निघालात तर अर्ध्या वाटेचा अंदाज तुमच्याकडे नसतो.

दुसरी खाच वेळेची. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजला जातो. रविवारी पहाटे पडणारा पाऊस शनिवारच्या खात्यात जातो.

ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द, चर्चा नाही. यलो असेल तर कशासाठी आहे ते वाचा. नुसत्या जोरदार पावसासाठी असेल तर रस्त्याची वाट धरता येते, मेघगर्जना आणि विजांसाठी असेल तर दुपारी १२ नंतर उघड्या किनाऱ्यावर कोणी नको.

पाऊस आणि समुद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकाश निळंशार असतानाही दूरच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. लाटांची उंची दीड मीटरच्या वर सांगितली असेल तर खडकाळ टप्पा सोडून रस्ता धरावा, असं आमचं ठाम मत आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला असेल तर बोटही बंद होऊ शकते, म्हणून निघण्याआधी तेही विचारा.

चालीच्या दिवशी दोन गोष्टी: हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. हे काम एकाच माणसाकडे द्या, आणि त्याने दर तासाला न विचारता सांगायचं.

४. गट बांधणं

नवख्यांसह १२ माणसं पुरे. जास्त असतील तर दोन गट करा, दोन्हीला स्वतंत्र पुढारी. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे न थकणारा. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. मधले जोडीने चालतील, आणि आपला जोडीदार दिसेनासा झाला तर ओरडणं ही त्या व्यक्तीची जबाबदारी. दर थांब्यावर आकडे म्हणायचे, एक ते बारा. डोकी मोजण्यात चूक होते, आकडे म्हणण्यात होत नाही.

आधीच एवढं मागून घ्या: नाव, वय, घरच्यांचा फोन, रक्तगट, चालू औषधं, दमा-मधुमेह-फिट्स यांपैकी काही, पोहता येतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त माहितीसाठी. चांगला पोहणाराही खडकावर आपटणाऱ्या लाटेत टिकत नाही.

पैसे आगाऊ गोळा करू नका. खर्च बोट, बस आणि खाण्याचाच असतो. एकदा पैसे जमा झाले की "आता रद्द कसं करणार" हे दडपण येतं.

निर्णयाची वेळही आधीच जाहीर करा. आदल्या रात्री गटावर टाकायचा निरोप असा असावा:

"उद्या पंचमी. ओहोटी ९.४५. यलो अलर्ट, दुपारनंतर विजा. गोराईच्या उत्तर टोकाला १० पर्यंत पोचलो आणि लाटा लहान असतील तर खडकावरून, नाहीतर रस्त्याने. ११.३० ला जिथे असू तिथून वर रस्त्याला. पहाटे साडेपाचला पुन्हा कळवतो, तोवर घर सोडू नका."

यातल्या १० आणि ११.३० या दोन वेळा सगळ्यात महत्त्वाच्या. किनाऱ्यावर उभं राहून मतदान घेतलं तर गट नेहमी पुढे जायचं ठरवतो. घड्याळाने ठरलं की कोणाला वाईट वाटत नाही.

५. काय घ्यायचं

प्रत्येकाने:

- पाणी ३ लिटर. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात २ लिटर गोराईलाच संपतं.
- एक लिटर पाण्याचं ओआरएसचं पाकीट, दोन नग.
- पायात घट्ट बसणारे, खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे बूट. सँडल, क्रॉक्स, चप्पल नको. जास्तीचे मोजे.
- पाँचो किंवा पावसाळी जॅकेट. छत्री किनाऱ्यावरच्या वाऱ्यात टिकत नाही.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट. जीन्स नको, भिजली की दोन किलोचं ओझं होते.
- कापडी हातमोजे. का, ते पुढे येईल.
- शिट्टी, टॉर्च, कोरडे कपडे आणि फोन प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत.
- ओळखपत्र आणि सुट्टे पैसे. जेट्टीवर नेटवर्क रुसलं तर मोबाइलने पैसे जात नाहीत.

गटासाठी: १५ ते २० मीटर तरंगणारा दोर, आणि त्याच्या टोकाला बांधायला ५ लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन. पाण्यात पडलेल्याकडे हा कॅन फेकायचा असतो. मागोमाग कोणी उडी मारायची नसते. प्रथमोपचारात १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज दोन, गॉज, पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, चिकटपट्टी, पॅरासिटामॉल. भरलेली पॉवर बँक. आणि कागदावर लिहिलेले चार क्रमांक: ११२ (पोलीस आणि आणीबाणी), १०८ (रुग्णवाहिका), १५५४ (तटरक्षक दल), १०९३ (सागरी पोलीस).

६. दिवसाचं वेळापत्रक

पंचमीचा दिवस धरून: सकाळी ६.३० ला मार्वे जेट्टी. मालाड स्टेशनवरून बेस्टची बस किंवा रिक्षा. मोठ्या ओहोटीत बोट जेट्टीला लागायला वेळ घेते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. ७.१५ ला मनोरीतून चालायला सुरुवात, ८ ला किनारा, पाण्याच्या रेषेजवळच्या घट्ट ओल्या वाळूवरून. ९.३० च्या आसपास गोराईचं उत्तर टोक. १५ मिनिटं थांबा, खाणं, आकडे, आकाश आणि लाटा बघणं. ११.३० पर्यंत खडक संपवून वर. जेवण उत्तनमध्ये, चौक दुपारी २ पर्यंत.

वाळूवर ताशी ३ किलोमीटर धरा, खडकावर एक ते दीड. नवखे गट सगळीकडे ताशी ४ धरतात आणि मग खडकावर घाई करतात.

७. खडकावर कसं चालायचं

उतरण्याआधी दहा मिनिटं नुसते उभे राहा. लाटा एकसारख्या येत नाहीत. सात-आठ लहान येतात, मग दोन-तीन मोठ्या लागोपाठ. दहा मिनिटांत त्या मोठ्या लाटा दिसतात आणि पाणी कुठवर पोचतं ते कळतं. खडकावरची ओली रेषा म्हणजे समुद्राने आखून दिलेली हद्द. त्या रेषेच्या वरूनच चाला. ओहोटी सुरू असेल तर रेषा खाली सरकते, पण पुन्हा वर सरकायला लागली की तोच निघायचा इशारा.

पाय कुठे टाकायचा हे रंगावरून ठरतं. काळा, कोरडा, खरखरीत खडक भरवशाचा. हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं आणि सगळे टाळतात, म्हणून त्यावर फारसं कोणी पडत नाही. खरा दगाफटका काळपट, चकचकीत, ओलसर थराचा. तो खडकाच्याच रंगाचा असतो आणि साबणासारखा सटकतो. संशय आला की बुटाचं टोक घासून बघा. पांढरट कालवांचा थर असेल तर तळवा छान पकडतो, पण तोल जाऊन तिथे हात टेकला तर तळहात ब्लेडने कापल्यासारखा फाटतो. हातमोजे त्यासाठी.

पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन पूर्ण पायावर. एका खडकावरून दुसऱ्यावर उडी नाही. पाठ समुद्राकडे करून फोटो नाहीत. हा नियम कडक वाटेल, पण मोठी लाट मागूनच येते.

दोन खडकांच्या मधल्या लहान खाचेत वाळू दिसली की बसायचा मोह होतो. आत जाण्याआधी विचारा: दोन्ही बाजूंचे खडक पाण्याखाली गेले तर वर चढायला जागा आहे का? नसेल तर तिथे थांबायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

ओढे आणि खाडीची लहान तोंडं गुडघ्यापर्यंत पाणी असेल तरच ओलांडा. खारफुटीच्या कडेचा राखाडी चिखल मात्र टाळाच. वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत पाय घेतो. कोणी रुतलंच तर ओढाताण करू नका. मागे रेलून वजन पसरायचं आणि एकेक पाय हलवत सोडवायचा, बूट गेला तरी चालेल.

८. वीज आणि अचानक आलेली सर

वीज चमकली की मोजायला लागा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, चाल थांबवून ताबडतोब आसरा गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. आसरा म्हणजे पक्कं घर, शाळा, चर्चची इमारत किंवा पत्र्याचं बंद वाहन. माड, सुरूची झाडं, मासळीची उघडी शेड, होडी यांना आसरा समजू नका. काहीच नसेल तर उंच खडक आणि पाणी सोडून सखल जागी या, एकमेकांपासून १०-१५ पावलं पांगा, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं झोपू नका.

सर आली की खडकावर असाल तिथून वर निघा. पावसाने कोरडा भाग दोन मिनिटांत निसरडा होतो आणि समोरची ओली रेषा पुसली जाते. ज्या खुणेवर सगळा अंदाज बांधला होता तीच नाहीशी होते.

९. नेहमी होणारी दुखणी

उकाड्याने गळून जाणं सगळ्यात सामान्य. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कोणी म्हटलं की सावली, ओआरएसचे घोट, पुढची चाल रस्त्याने. बोलण्यात गोंधळ दिसला तर घोट पाजत बसू नका. पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि १०८.

पावसाळा आणि त्यानंतरच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यांवर जेलीफिश आणि पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) येतात. म्हणून अनवाणी पाण्यात शिरू नका. वाळूवर पडलेली निळी फुग्यासारखी जेलीफिश मेलेली असली तरी डंखते. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, चोळू नका. पाकटाचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होते, पण काटा खोल असेल तर तो उपसू नका, दवाखाना गाठा.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका, वरूनच क्रेप बँडेज बांधा. बूट काढला की सूज येऊन परत पाय शिरत नाही.

१०. उत्तनपासून पुढे

उत्तन-पाली ही कोळी आणि ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळ रहिवासी) ख्रिस्ती वस्तीची जुनी गावं, डोल जाळ्याच्या (समुद्रात एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) बोंबील-मासेमारीची. पाऊस ओसरला की वलांड्यांवर (मासे वाळवायच्या मांडवांवर) बोंबील आणि खळ्यात जवळा वाळत पडतो. तो त्यांचा वर्षाचा रोजगार आहे. वलांडीखालून वाकून जाऊ नका, पसरलेला जवळा किंवा जाळं ओलांडू नका, वळसा घाला. फोटो विचारून. पुढची वाट किंवा पाणी कसं आहे ते नाखवांना विचारा, आणि "आज नका जाऊ" असं उत्तर आलं तर ॲप काहीही म्हणत असलं तरी ते ऐका.

चौकला धारावीचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी आधी ही जागा घेतली आणि मग मे महिन्यात वसई. टेकाडावर उभं राहिलं की कारण कळतं: वसईचा कोट समोर दिसतो आणि खाडीचं तोंड पायाशी. आकाश काळवंडलेलं असेल तर मात्र टेकाडावर चढू नका, ती आसपासची सगळ्यात उंच उघडी जागा आहे.

परतीला चौक किंवा उत्तन नाक्यावरून भाईंदरची बस. सुट्टीच्या संध्याकाळी गर्दी असते, म्हणून ४ च्या आत निघा. बसमध्ये चढण्याआधी एकदा आकडे म्हणा, आणि घरच्या ज्या माणसाला सकाळी वेळापत्रक दिलं होतं त्याला "सगळे बाहेर आलो" असं कळवा. हा फोन गटातल्या एकाच ठरलेल्या माणसाने करायचा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल.